फोटोवरच्या 'मुंग्या' काढा, पण माणसाचा चेहरा हरवू देऊ नका!

रात्री काढलेला फोटो दाणेदार का येतो? तो मोबाईलवर कसा साफ करायचा? फॉर्मचा फोटो आणि आजी-आजोबांचा जुना फोटो मोठा करताना काय काळजी घ्यायची? जाणून घ्या सविस्तर

हळदीच्या रात्री मांडवात काढलेला नवरीचा फोटो मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर छान दिसतो. तोच बोटांनी मोठा करून पाहिला की गालावर बारीक दाणे, केसांत लाल-हिरवे ठिपके आणि मागच्या अंधारात नुसती वळवळ दिसते. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर 'मुंग्या' यायच्या, तसाच हा प्रकार. यालाच फोटोग्राफीच्या भाषेत 'नॉइज' म्हणतात.

एरवी याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पण भरतीच्या फॉर्मला फोटो जोडायचा असतो, स्थळासाठी बायोडेटा पाठवायचा असतो, किंवा घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला एकच जुना फोटो हाती असतो, तेव्हा हे दाणे डोळ्यांत खुपतात. मग घाईघाईत एखादं ॲप डाउनलोड होतं, एक बटण दाबलं जातं आणि चेहरा गुळगुळीत होतो. इतका गुळगुळीत, की घरचेच म्हणतात, "हे आपले आण्णा वाटतच नाहीत!"

दाणे काढायचे, पण माणूस तोच राहिला पाहिजे. हे कसं जमवायचं, ते क्रमाने पाहू.

नॉइज म्हणजे नेमकं काय?

कॅमेऱ्याच्या आत लाखो बारीक घरं असलेली एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. प्रत्येक घर आपल्यावर पडणारा प्रकाश मोजतं आणि त्यातून फोटोचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तयार होतो.

प्रकाश हा पावसासारखा थेंबाथेंबाने येतो. अंगणात सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडून ठेवल्या आणि दोन मिनिटं भुरभुर पाऊस पडला, तर एका वाटीत चार थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात, तिसरीत दोनच. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, पण वाट्यांत फरक दिसतो. तेच तासभर मुसळधार पाऊस झाला तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्याच भरतात. कमी उजेडात सेन्सरचं असंच होतं. गालाचा रंग सगळीकडे एकसारखा असतो, पण एका घराला जास्त प्रकाश मिळतो आणि शेजारच्याला कमी. म्हणून फोटोत एक ठिपका उजळ आणि शेजारचा काळपट येतो. हेच ते दाणे.

याचं गणितही सोपं आहे. एका घरात सरासरी 100 प्रकाशकण पडले, तर फरक साधारण 10 कणांचा असतो, म्हणजे 10 टक्के. तिथेच 10,000 कण पडले तर फरक साधारण 100 कणांचा, म्हणजे फक्त 1 टक्का. थोडक्यात, उजेड चौपट केला की दाणे निम्मे होतात. हा एक नियम लक्षात राहिला तरी अर्धं काम झालं.

'आयएसओ' हा शब्द अनेकांनी कॅमेऱ्यात पाहिलेला असतो. आयएसओ वाढवला की फोटो उजळ होतो, पण बाहेरून नवा उजेड येत नाही. भजनाच्या माइकवर आवाज कमी आला म्हणून ॲम्प्लिफायरचं बटण पिरगाळलं, तर बुवांच्या आवाजाबरोबर मागची खरखरही वाढते. आयएसओचं काम तसंच आहे.

मोबाईलमध्येच जास्त का?

कारण मोबाईलच्या वाट्या फार लहान. लग्नात फोटोग्राफरकडे असलेल्या मोठ्या, 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. मोबाईलमधला अर्ध्या इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर साधारण 6.4 बाय 4.8 मिलिमीटरचा. म्हणजे क्षेत्रफळात 28 पटींचा फरक! परातीत आणि वाटीत सारखंच पाणी कसं जमणार? सेल्फी कॅमेऱ्याचा सेन्सर तर बहुतेक फोनमध्ये मागच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षाही लहान असतो. म्हणून संध्याकाळचा सेल्फी जास्त दाणेदार येतो.

'माझा फोन 108 मेगापिक्सेलचा आहे, तरी असं का?' असं अनेक जण विचारतात. मेगापिक्सेल म्हणजे वाट्यांची संख्या. अंगण तेवढंच ठेवून वाट्या वाढवल्या तर प्रत्येक वाटी आणखी लहान होते. म्हणूनच असे फोन अनेक शेजारच्या घरांची बेरीज करून 12 मेगापिक्सेलचा फोटो देतात. कमी उजेडात 108 चा मोड लावण्यापेक्षा नेहमीचा मोडच बरा.

दाणे दोन प्रकारचे

फोटो साफ करण्याआधी तो मोठा करून नीट पाहा. दोन वेगळ्या गोष्टी दिसतील.

1. रंगीत ठिपके: चेहऱ्याच्या सावलीत, काळ्या केसांत, गडद कपड्यावर लाल, हिरवे, निळे डाग. याला 'कलर नॉइज' म्हणतात.

2. काळे-पांढरे दाणे: रंग तोच, पण कुठे उजळ, कुठे काळपट. रवा भुरभुरल्यासारखं दिसतं. याला 'ल्युमिनन्स नॉइज' म्हणतात.

हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण दोघांचा इलाज वेगळा आहे. रंगीत ठिपके बिनधास्त काढा, चेहऱ्याचं फारसं नुकसान होत नाही. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातले बारीक फरक चटकन कळतात, रंगातले तितके कळत नाहीत. काळे-पांढरे दाणे मात्र जपून काढायचे. कारण भुवईचा केस, डोळ्याच्या कडेची सुरकुती, पापणीची रेघ हे सगळं उजेड-अंधाराच्या त्याच बारीक फरकांनी बनलेलं असतं. दाण्यांबरोबर तेही जातं.

पिवळ्या बल्बखाली चेहऱ्यावर डाग जास्त का येतात, याचंही कारण आहे. सेन्सरची निम्मी घरं हिरवा रंग पाहतात, पाव लाल आणि पाव निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट 1976 मध्ये मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग फारच कमी असतो. मग चेहऱ्याचा रंग नीट दिसावा म्हणून फोन निळ्याचा 'आवाज' वाढवतो आणि त्याबरोबर निळ्याची खरखरही वाढते. त्यामुळे गालावर निळसर-जांभळट डाग येतात. ॲपला नावं ठेवण्याआधी बल्ब बदलून पाहा. पांढऱ्या उजेडाचा एलईडी लावला की हा त्रास बराच कमी होतो.

ॲप नॉइज कसा काढतं?

जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढणं. दाणे जातात, पण नाक-डोळ्यांच्या कडाही पुसट होतात. नंतर हुशार पद्धती आल्या. 1998 मधली एक पद्धत फक्त सारख्या रंगाच्या शेजाऱ्यांचीच सरासरी घेते, म्हणजे गालाचा ठिपका गालात मिसळतो, केसात नाही. 2005 मध्ये तीन संशोधकांनी त्यापुढची पद्धत मांडली. तिच्यात संगणक फोटोत इतरत्र त्याच्यासारखाच दिसणारा तुकडा कुठे आहे ते शोधतो आणि अशा तुकड्यांची सरासरी घेतो.

फोनचा 'नाइट मोड' वेगळ्या वाटेने जातो. तो एकामागून एक अनेक फोटो काढून ते एकावर एक ठेवतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, चेहरा मात्र तिथेच असतो. त्यामुळे सरासरी काढली की दाणे विरतात. 16 फोटोंची सरासरी काढली तर दाणे चौथ्या हिश्शावर येतात. अट एकच, फोन आणि माणूस दोघंही हलले नाही पाहिजेत. लहान मूल मांडीवर चुळबुळ करत असेल तर नाइट मोडमध्ये त्याचा चेहरा फिसकटतो.

आधी फोटोच नीट काढा

जो दाणा आलाच नाही, तो काढावा लागत नाही. त्यामुळे ही तयारी आधी करा.

• लेन्स पुसा. खिशातली धूळ, बोटांचं तेल लागून फोटो धुरकट येतो. मऊ सुती कापड पुरेसं आहे.

• माणसाला दारात किंवा ओसरीवर बसवा. तोंड बाहेरच्या उजेडाकडे आणि ऊन थेट अंगावर नको. घरातल्या एका बल्बपेक्षा दिवसा ओसरीच्या सावलीत कितीतरी पट जास्त उजेड असतो.

• स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा. नाहीतर फोन मागच्या उजळ आकाशाप्रमाणे हिशोब करतो आणि चेहरा काळा पडतो. सावळ्या चेहऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. नंतर तो काळा चेहरा ॲपमध्ये उजळायला गेलं की लपलेले सगळे दाणे वर येतात. दाणेदार फोटोंचं हे एक मोठं कारण आहे.

• झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. ज्या फोनला झूमची वेगळी लेन्स नाही, त्यात झूम म्हणजे फोटो कापून ताणणं. दाणेही ताणले जातात.

• शक्य असेल तर सेल्फी कॅमेऱ्याऐवजी मागचा कॅमेरा वापरा. फोन भिंतीला किंवा तांब्याला टेकवा आणि 3 सेकंदांचा टायमर लावा.

• 'ब्युटी' किंवा 'स्मूथ फेस' बंद ठेवा. एकदा पुसलं गेलेलं पुन्हा मिळत नाही.

फोटोवर आडवे काळपट पट्टे आले तर तो नॉइज नव्हे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेरा पकडतो. अशा वेळी दुसऱ्या दिव्याखाली जा किंवा प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा.

साफ करण्याचा क्रम

लाइटरूमच्या मोबाईल ॲपमध्ये 'डिटेल' या भागात 'नॉइज रिडक्शन' आणि 'कलर नॉइज रिडक्शन' अशा दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. कॉम्प्युटर असेल तर जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात 'फिल्टर्स' मध्ये 'एन्हान्स' आणि तिथे 'नॉइज रिडक्शन' मिळतं. फोटोशॉपमध्ये 'फिल्टर', मग 'नॉइज' आणि 'रिड्यूस नॉइज'. ॲपच्या आवृत्तीप्रमाणे बटणांची जागा थोडी बदलते, पण क्रम सगळीकडे हाच ठेवा.

पहिली पायरी: मूळ फोटोची प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. मूळ फोटो कधीही डिलीट करू नका.

दुसरी पायरी: फोटो मूळ आकारात, म्हणजे 100 टक्क्यांवर मोठा करून डोळ्याजवळचा भाग स्क्रीनवर आणा. छोट्या आकारात पाहून पट्टी सरकवली की हमखास जास्त होते.

तिसरी पायरी: आधी रंगीत ठिपके काढा. कलर नॉइजची पट्टी 25 पासून सुरू करून ठिपके जाईपर्यंत वाढवा. ओठांचा, कुंकवाचा रंग फिका पडू लागला की थांबा.

चौथी पायरी: आता काळे-पांढरे दाणे. 15 पासून सुरू करा, हळूहळू वाढवा. नजर गालावर नको, भुवयांवर ठेवा. भुवयांचे केस एकमेकांत मिसळून रंगवल्यासारखे दिसले की पट्टी थोडी मागे घ्या. गालावर थोडे दाणे राहिले तर राहू द्या.

पाचवी पायरी: सगळीकडे सारखं नको. मागची भिंत, अंधार, गडद कोट इथे जास्त साफ केलं तरी चालतं. गाल-कपाळावर मध्यम. डोळे, पापण्या, मिशी, केस, नथ, पदराची जर इथे कमीत कमी. ज्या ॲपमध्ये ब्रश किंवा 'मास्क' आहे तिथे हे जमतं. स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' वापरून गालावर बोट ठेवायचं आणि तेवढ्या भागाचं 'स्ट्रक्चर' कमी करायचं.

सहावी पायरी: उजेड, रंग दुरुस्त करून 'शार्पनिंग' सगळ्यात शेवटी. आधी शार्प केलं तर ॲप दाण्यांनाच धार लावतं आणि मग ते निघता निघत नाहीत.

सातवी पायरी: फोन बाजूला ठेवा. दहा मिनिटांनी मूळ आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघा, किंवा त्या माणसाला ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणाला दाखवा. करणाऱ्याचा डोळा सरावतो, दुसऱ्याला चूक लगेच दिसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 4 बाय 6 इंचाच्या प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो एवढा लहान केला की अनेक ठिपक्यांचा एक ठिपका होतो आणि दाणे आपोआप निम्म्याहून कमी होतात. म्हणजे अल्बमसाठी प्रिंट काढायची असेल तर अनेकदा काहीच करावं लागत नाही.

फॉर्मचा फोटो 50 केबीत बसेना?

बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेसाठी फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी असा मागतात. इतर परीक्षांचे आकडे वेगळे असतात, ते जाहिरातीत पाहावेत. अनेक मुलांची तक्रार असते की फोटो केबीत बसवला की चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसतात.

याचं मूळ अनेकदा नॉइजमध्येच असतं. जेपीजी फाइल लहान होते ती एकसारखे भाग थोडक्यात लिहून. कोरी पांढरी भिंत थोडक्यात लिहिता येते. पण भिंतीवर दाणे असतील तर प्रत्येक दाण्याची नोंद ठेवावी लागते, कारण फाइलला दाणा आणि पापणी यांतला फरक कळत नाही. जागा सगळी दाणे खातात आणि चेहऱ्याच्या वाट्याला कमी उरते. त्यामुळे चेहऱ्यावर चौकोन पडतात.

उपाय: दिवसा पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढा, भिंतीवरचे दाणे साफ करा, मग चौकट कापून पिक्सेल कमी करा आणि सगळ्यात शेवटी केबी कमी करा. क्रम उलटा झाला तर फोटो बिघडतो.

आणि हो, ओळखपत्राच्या, परीक्षेच्या, पासपोर्टच्या फोटोत चेहरा बदलणारं काहीही करू नका. तीळ, व्रण, डाग ही ओळखीची खूण आहे. परीक्षा केंद्रावर फोटो आणि समोरचा उमेदवार जुळला नाही तर अडचण उमेदवारालाच होते, ॲपला नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना

स्टुडिओवाल्याला किंवा पाहुण्यांना 'फोटो पाठवा' म्हटलं की तो व्हॉट्सॲपवर येतो आणि वाटेत आक्रसतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो ॲप लहान करतं आणि दाबतं. 2023 पासून 'एचडी' चा पर्याय आला आहे, पण त्यातही थोडी काटछाट होतेच. मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तोच फोटो चार ग्रुपमधून फिरून आला की त्यावरचे चौकोन आणि किनारीची जळमटं नॉइज रिडक्शनने नीट निघत नाहीत. ज्याने फोटो काढला, त्याच्याकडूनच मूळ मागवा.

आजीचा जुना फोटो मोठा करताना

सगळ्यात जपून करायचं काम हे. अनेक घरांत आजी-आजोबांचा एकच फोटो असतो. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभे असलेले, नाहीतर जुन्या ओळखपत्रावरचा. त्यातून भिंतीवरची मोठी फ्रेम करायची असते.

आधी हिशोब समजून घ्या. ग्रुप फोटोत चेहरा 150 पिक्सेल रुंद असेल आणि तो फ्रेममध्ये 6 इंच रुंद करायचा असेल, तर इंचाला फक्त 25 पिक्सेल मिळतात. चांगल्या प्रिंटला साधारण 200 ते 300 लागतात. म्हणजे जे नाहीच, ते मागितलं जातंय. अशा वेळी फ्रेम लहान करणं हाच प्रामाणिक मार्ग. छोट्या चौकटीतला खरा चेहरा मोठ्या चौकटीतल्या खोट्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

कागदावरचा फोटो असेल तर त्याचा मोबाईलने फोटो काढण्यापेक्षा तालुक्याला जाऊन स्कॅन करून घ्या. 3.5 बाय 4.5 सेंटीमीटरचा पासपोर्ट फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला तर साधारण 827 बाय 1063 पिक्सेल मिळतात. स्कॅनर नसेल तर फोटो ओसरीच्या सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि फोन फोटोला बरोबर समांतर धरा. फ्रेमची काच चकाकत असेल तर फोटो बाहेर काढा. पण तो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर निघून येईल. तसाच काचेतून फोटो घ्या आणि स्वतःच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे चकाकी येत नाही.

जुन्या फोटोवरच्या सगळ्याच ठिपक्यांना नॉइज समजू नका. फिल्मचे दाणे, खडबडीत कागदाची जाळी, बुरशीचे डाग, ओरखडे हे सगळं वेगवेगळं आहे. बुरशी आणि ओरखडे नॉइज रिडक्शनने जात नाहीत, ते 'हीलिंग' टूलने एकेक करून भरावे लागतात. वेळ लागतो, पण चेहरा शाबूत राहतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. बारीक हिरवट-काळे ठिपके. त्या पिढीतल्या अनेकांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला, त्याआधीच्या लोकांनी तो रोग सोसला होता. ॲपच्या दृष्टीने गोंदणाचा ठिपका आणि नॉइजचा ठिपका सारखाच. व्रण म्हणजे त्याला बिघाड वाटतो. एक बटण दाबलं की दोन्ही जातात. फोटो 'सुंदर' होतो, पण नातवंडांना आठवणारी आजी त्यातून नाहीशी होते.

एआय ॲप चेहरा 'साफ' करत नाही, नवा काढतं

हल्ली 'एका क्लिकवर जुना फोटो नवा' अशा जाहिराती दिसतात. यातली सगळी ॲप एकसारखी नाहीत. काही फक्त दाणे काढतात. उदाहरणार्थ, लाइटरूमच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत 2023 मध्ये आलेलं 'डिनॉइज' हे कॅमेऱ्याच्या मूळ 'रॉ' फाइलमधला नॉइज काढण्यासाठी बनवलं आहे. पण चेहरा 'रिस्टोअर' करणारी ॲप वेगळं काम करतात. त्यांना हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. पुसट चेहरा दिसला की तिथे डोळा कसा असावा, दात कसे असावेत, याचा ते अंदाज बांधतात आणि नवं चित्र काढतात.

या कामासाठी खूप वापरला गेलेला एक संच 2019 मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी तयार केला. त्यात इंटरनेटवरून घेतलेले 70,000 चेहऱ्यांचे फोटो आहेत. अशा चेहऱ्यांवर शिकलेल्या यंत्राला गावाकडच्या आजोबांचा एक डोळा थोडा बारीक होता, हे कुठून कळणार? ते दोन्ही डोळे सारखे करून मोकळं होतं. फोटो चकचकीत दिसतो, म्हणून तो खरा वाटतो. धोका तिथेच आहे.

असं ॲप वापरायचंच असेल तर जोर कमीत कमी ठेवा. नंतर मूळ फोटो त्यावर अर्धा पारदर्शक करून ठेवा, म्हणजे खऱ्या रेषा परत येतात. आणि फ्रेम करायला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन्ही फोटो दाखवा. त्यांनी 'हा नव्हे' म्हटलं की विषय संपला.

स्टुडिओत काय सांगावं?

• 'मूळ स्कॅन आम्हाला पेन ड्राइव्हवर वेगळा द्या.'

• 'तीळ, गोंदण, व्रण, सुरकुत्या काढू नका. फक्त दाणे आणि ओरखडे काढा.'

• 'रंग गोरा करू नका.' हे न सांगता अनेक ठिकाणी केलं जातं.

• 'मोठी प्रिंट काढण्याआधी छोटी नमुना प्रिंट दाखवा.'

चेहरा फारच मेणासारखा झाला असेल तर शेवटी थोडे बारीक, एकसारखे दाणे परत घालायला सांगा. ऐकायला उलटं वाटतं, पण अनेक अनुभवी फोटोग्राफर हेच करतात. हलक्या दाण्यांनी कातडी कातडीसारखी दिसते आणि दुरुस्त केलेला भाग वेगळा उठून दिसत नाही.

ही सावधगिरी बाळगा

अनेक मोफत ॲप फोटो फोनवर साफ करत नाहीत, ते कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. घरातल्या बायका-मुलींचे आणि लहान मुलांचे फोटो अशा ठिकाणी जाऊ देण्याआधी विचार करा. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली 'डेटा सेफ्टी' असा भाग असतो, तो वाचा. विमान मोड लावूनही ॲप काम करत असेल तर निदान तेवढं काम फोनवरच होतंय, असं समजायला हरकत नाही.

'तीन दिवस मोफत' म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडून घेणारी ॲप पुढे आपोआप पैसे कापतात. ॲप डिलीट केलं म्हणून वर्गणी बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन' मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून एपीके फाइल तर अजिबात घेऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

• उजेड चौपट, दाणे निम्मे.

• रंगीत ठिपके बिनधास्त काढा, काळे-पांढरे जपून.

• नजर भुवयांवर, शार्पनिंग शेवटी.

• फॉर्मचा फोटो: आधी दाणे, मग पिक्सेल, शेवटी केबी.

• मूळ फोटो जपून ठेवा. उद्या यापेक्षा चांगलं साधन येईल, पण मूळच नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

• गोंदण, तीळ, व्रण म्हणजे दाणे नव्हेत. ते राहू द्या.